एमबीएच्या पोट्ट्यांना नाटक कायले?

राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचा ढीग असतो ना, तो कुणी मुद्दाम रचत नाही. मिल चालत राहिली की तो वाढत जातो आणि एक दिवस कंपाउंडच्या वर डोकं काढतो. माझ्या किस्स्यांचं तेच झालंय. गोंदियातल्या एका एमबीए कॉलेजात मी वर्षभर शिकवलं. आता लग्नात बसले, दवाखान्यात बसले, बसस्टँडवर बसले, तरी कुणीतरी शेजारी सरकतं आणि विचारतं, ''काय वो बाई, त्या टायवाल्या पोट्ट्यांना तुमी नाटक कायले शिकवता? त्यायले धंदा करायचा हाय ना?''

याचं उत्तर भाषणात देता येतं. पण भाषणात माणसं झोपतात. झाडीपट्टीच्या नाटकांत मी आयुष्य काढलंय, मला विचारा! पाहुण्यांचं उद्घाटनाचं भाषण सुरू झालं की अख्खा मांडव आडवा, आणि स्टेजवर सासू ओरडली की अख्खा मांडव उठून बसलेला. ती सासू मी असायचे. म्हणून भाषण नाही, किस्सेच सांगते.

*

पहिला किस्सा माझ्या नेमणुकीचा.

आमचे डायरेक्टर बिसेन सर, तिरोड्याकडचे. शाळकरी असताना मंडईच्या जत्रेतल्या नाटकात माझी खाष्ट सासू बघून त्यांनी स्टेजवर चप्पल फेकली होती. चप्पल मला लागली. त्यांची माय ती परत मागायला पडद्यामागे आली, तर मी दिली नाही! आता इतक्या वर्षांनी हा माणूस सूट घालून अर्जुनी मोरगावला माझ्या दारात उभा. मला वाटलं, चप्पल न्यायला आला असेल.

''बाई,'' ते म्हणाले, ''कॉलेजात नवा पेपर सुरू करून राहिलो. 'कला आणि माणूस'. नाटक, इतिहास, गाणी, गोष्टी. आमची पोट्टी आकडे बरोबर मांडतात, पण समोर बसलेल्या माणसाकडे बघतच नाहीत. ज्या बाईनं मला भर मांडवात चप्पल काढायला लावली, तिनं हे शिकवावं.''

मग कमिटीपुढे गेले. अध्यक्ष सेठजी. गोंदियातले जुने राइस मिलवाले, कॉलेज त्यांच्याच ट्रस्टचं. मराठी सगळं समजतं, पण बोलतात हिंदीतच. त्यांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला आणि विचारलं, ''पढ़ाई कितनी हुई है आपकी?''

''शाळेत चौथी,'' मी म्हटलं. ''पुढचं माझं मी शिकले. अजून चालू आहे. तुमचं संपलं का?''

बिसेन सर पंख्याकडे बघायला लागले. सेठजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, ''एक साल. मार्च में कमेटी बैठेगी. नाटक से चावल बिकता दिखा तो रखेंगे. नहीं तो पेपर बंद, उसकी जगह डिजिटल मार्केटिंग.''

''बरं,'' मी म्हटलं. पण आतून पेटले! आयुष्यभर कॉलेजांच्या भिंतींना बाहेरून माझ्या नाटकाची पोस्टरं चिकटली. आता त्या भिंतीच्या आत, हातात खडू घेऊन उभं राहायचं होतं. एका वर्षासाठी? अजिबात नाही. मला तिथून कुणी हलवू नये अशी माझी इच्छा होती, आणि ती मी लपवली नाही.

*

पहिल्या तासाला वर्गात गेले. मुलामुलींनी उठून एकसुरात ''गुड मॉर्निंग, आजी!''

''आजी घरी. इथं बाई,'' मी म्हटलं. ''आता एकेकानं उठा आणि आपली ओळख करून द्या.''

उठला पहिला. आय अ‍ॅम हार्डवर्किंग, आय अ‍ॅम पंक्चुअल, माय वीकनेस इज परफेक्शन. दुसरी उठली. हार्डवर्किंग, पंक्चुअल, परफेक्शन. तिसरा तेच. अर्धा वर्ग झाला तरी तेच! मी टेबलावर हात आपटला.

''अरे, एकाच कारखान्यातून निघाले का रे सगळे? हे पाठांतर बंद. आज सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत काय झालं ते सांगा.''

मग देवरीकडचा रोहित पटले उठला. टाय पोटापर्यंत, आवाज घशातच. म्हणाला, ''बाई, आज यष्टीत एक म्हातारी बकरी घेऊन चढली. कंडक्टर म्हणे, बकरीचं तिकीट काढा. म्हातारी म्हणे, कायले? कंडक्टर म्हणे, सीटची जागा खाऊन राहिली ना! तर म्हातारी म्हणे, जागा कोठं खाल्ली गा? ते तं उभ्यानंच येऊन राहिली. बसली असती तं काढलं असतं!''

वर्ग फुटला हसून. पोराचा आवाज घशातून बाहेर आला, हात हलायला लागले, कंडक्टर कसा डोकं खाजवत होता तेही त्यानं करून दाखवलं. मी म्हटलं, ''आता कळलं तू कोण ते. बस.''

पुढे नागपूरची एक कंपनी मुलाखती घ्यायला आली. ''टेल अस अबाउट युवरसेल्फ'' म्हटल्यावर या पठ्ठ्यानं बकरी सांगितली! बाहेर आमचे फायनान्सचे टेंभरे सर कपाळाला हात लावून बसलेले. आतून हसण्याचे आवाज. रोहितची निवड झाली.

टेंभरे सर म्हणाले, ''बाई, त्याचे मार्क चांगले होते म्हणून झाली. बकरीमुळे नाही.''

''बरं,'' मी म्हटलं. ''मग ते बाकीचे मार्कवाले हात हलवत बाहेर काऊन आले?''

*

टेंभरे सरांची ओळख करून देते, कारण ते पुढेही येणार आहेत. माणूस हुशार, सरळ, आणि माझा पक्का विरोधक. प्रत्येक गोष्टीला ''आउटकम काय?'' विचारायचे. चहा दिला तरी एक घोट घेऊन विचार करायचे, मला वाटतं आउटकमचाच.

एकदा मी मुलांना सांगितलं, घरून रोवणीचं गाणं आणा. चिखलात वाकून धानाची रोपं लावताना बाया म्हणतात ते. ज्यांच्या घरी कुणी म्हणत नसेल त्यांनी शेजारून आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात असा गोंगाट! मुली म्हणतायत, मुलं बाकावर ताल धरतायत, मी मध्ये उभी राहून वाकायचं कसं ते दाखवतेय.

दारात टेंभरे सर. ''बाई! शेजारी माझा तास चालू आहे. बॅलन्स शीट मांडून राहिलो मी!''

''मांडा की. आम्ही रोवून राहिलो.''

ते जायला वळले आणि थांबले. परत वळले. सर म्हणाले, ''दुसरी ओळ चुकली तुमची.''

''तुम्हाला काय माहीत?''

''माझी माय म्हणायची.'' आणि त्यांनी दारातच, हातात डस्टर धरून, ती ओळ म्हणून दाखवली. मग तिसरी. मग चौथी. अख्खं गाणं झालं! शेजारच्या वर्गातली मुलं बॅलन्स शीट सोडून कॉरिडॉरमध्ये येऊन उभी. गाणं संपलं तसं सरांना आपण कुठं आहोत ते आठवलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, ''पण हे सिलॅबसमध्ये बसत नाही!''

आणि पाचवी ओळ गुणगुणत निघून गेले.

*

आता माझी जिरली तो किस्सा. जिरली तर जिरली, सांगायला काय!

मी कोहळी समाजाची. आमच्या लोकांनी या मुलखात गावोगावी तलाव बांधले. इटियाडोहचं धरण तर कालचं, त्याच्या कितीतरी आधी आमचे तलाव धानाला पाणी देत होते. इतिहासाच्या तासाला मी हे सांगायला लागले की मला थांबवणं कठीण. मातीच्या बांधाची पाळ कशी घालायची, उतार कसा ओळखायचा, कोणत्या कंपनीनं एवढं टिकणारं काही केलंय, असं सगळं मी ठणकावत होते.

मागच्या बाकावरून माधुरी उईके उठली. सालेकशाच्या जंगलातली, गोंड घरची. तिचे आईवडील उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातात, मोहफुलं वेचतात. मुलगी बोलायची कमी, ऐकायची फार.

''बाई, एक विचारू?''

''विचार.''

''तेव्हा इथं राज्य कोणाचं होतं?''

''गोंड राजांचं.''

''म्हणजे जागा राजाची, जंगल राजाचं. तलाव बांधा आणि जमीन कसा, असं तुमच्या लोकांना राजानंच सांगितलं ना?''

''हो. मग?''

''मग बाई...'' तिनं अगदी साधेपणानं विचारलं, ''तुमचे पूर्वज आमचे व्हेंडर झाले ना?''

वर्गाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं! रोहित बाकाखाली गेला हसून. मी चाळीस गावांत शिव्या खाल्लेली बाई, पण एवढंच म्हटलं, ''बस खाली.'' घरी गेले, दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग तिला पूर्ण मार्क दिले आणि तिच्याकडूनच गोंड राजांवर पुढचे दोन तास शिकवून घेतले.

टेंभरे सर तेवढे दिवस मला ''नमस्कार, व्हेंडर'' म्हणायचे.

*

पुढचं कळायला आमच्या पेपराचा एक नियम कळायला हवा. तो नियम माझ्या नाटक कंपनीतला.

आमच्या कंपनीत नायक आणि खलनायक यांचं खरोखरीचं भांडण व्हायचं. माझी एन्ट्री का कापली, माझ्या वाक्यावर का खोकलास, असलं. मालक शहाणा होता. तो भांडण सोडवायचाच नाही. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत दोघांचे पार्ट बदलून द्यायचा. नायकानं खलनायक बोलायचा, खलनायकानं नायक. एकानं असं बोलायचं की दुसऱ्याची मान आपोआप होकारानं हलली पाहिजे. मान हलली की दुसऱ्यानं उठायचं आणि पहिल्याचा पार्ट बोलायचा. नाही म्हणायची सोय नाही. तालीम संपेपर्यंत दोघं एकमेकांना तंबाखू देत असायचे.

वर्गात मी हाच नियम लावला. नाव ठेवलं 'दुसऱ्याचा पार्ट'. पाठांतर करून मान हलत नाही हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळलं. समोरच्याकडे जाऊन बसावं लागतं, त्याला बोलू द्यावं लागतं.

पहिलं भांडण आलं मेसचं. होस्टेलच्या मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला. वरण पातळ, भाजीत आलू नाही. मेस चालवणाऱ्या कमलाबाईही पेटलेल्या. मी दोन्ही पार्ट्यांना वर्गात बोलावलं. रोहितला कमलाबाई केलं.

रोहितनं कमरेला रुमाल खोचला आणि सुरू झाला, ''शनिवारी न सांगता पसार होता गावाले! मी रांधून बसतो पंगतभर, आन् जेवाले कोन? मी आन् कुत्रं! कुत्रंही आता तुमचं वरण ओळखून राहिलं. मंग सोमवारी पातळ नाही करू तं काय करू?''

कमलाबाईंची मान हलली. डोळ्याला पदरही लागला. मग नियमाप्रमाणे त्या उठल्या. आता त्यांनी मुलांचा पार्ट करायचा. त्यांनी कल्पनेतलं ताट हातात धरलं, त्यात वाकून पाहिलं, बोटानं ढवळलं, आणि पोरांच्या सुरात ओरडल्या, ''अबे रोहित! गूगल मॅप लाव बे! आलू कोठं हाय ते दिसून नाही राहिला!''

त्या दिवसापासून मुलं गावाला जाताना मेसच्या फळ्यावर नाव लिहायला लागली आणि वरण घट्ट झालं. कमलाबाई जाताना म्हणाल्या, ''बाई, हा कोर्स भल्ला हाय. मलेही भरती करून घ्या.''

*

मुलांना चटक लागली. एक दिवस म्हणाली, ''बाई, तुमचं आणि टेंभरे सरांचं होऊन जाऊ द्या!''

मी कशाला मागे हटतेय? आठवडाभर त्यांचं पुस्तक घरी नेऊन वाचलं. घसारा म्हणजे काय ते तीन वेळा वाचून समजून घेतलं, आणि माझ्या नाटकाच्या ट्रंकेची किंमत दरवर्षी कितीनं घसरली असेल तेही मनात मांडून पाहिलं. वर्गात उभी राहिले आणि सरांचा पार्ट असा बोलले, चष्म्यासकट, की सरांची मान दुसऱ्याच मिनिटाला हलली.

मग सर उठले. आता त्यांनी मला करायचं! त्यांनी टेबलावरचा टेबलक्लॉथ ओढला, खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट छपराकडे, आणि गरजले, ''शाळेत चौथी! पुढचं माझं मी शिकले! आणि तुमच्यासारख्या दहा डिग्रीवाल्यांना उभ्यानं पाणी पाजलं!''

मी म्हटलं, ''मी अशी बोलते?''

अख्खा वर्ग, ''होऽऽऽ!''

कमिटीतलं माझं उत्तर कॉलेजभर झालं होतं हे मला तेव्हा कळलं. शिपाईसुद्धा ते करून दाखवायचा म्हणे! पण पुढे सर एक वाक्य बोलून गेले. म्हणाले, ''अरे, दुकान रात्री बंद होते. शटर ओढून तुम्ही घरी जाता. घरी कोणाला काय विकणार आहात?''

हे वाक्य माझं नव्हतं. मी कधीच बोलले नव्हते. पण माझी मान हलली. आता मी ते सगळीकडे माझं म्हणून सांगते.

*

मार्च जवळ येत होता. सेठजी एकदा न सांगता वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. ''चालू रखो. हम देखने आए हैं.''

त्या दिवशी आम्ही माझ्या जुन्या नाटकातला एक प्रवेश घेतला होता. नवी सून आल्याबरोबर धान्याच्या कोठीची किल्ली मागते, सासू देत नाही, भांडण. मी विचारलं होतं, सासू वाईट आहे का? मुलं म्हणत होती, आहे. कंट्रोल सोडत नाही, डेलिगेशन करत नाही.

''गलत!'' मागून आवाज आला. सेठजी! ''गलती बहू की है. पहले दिन चाबी कौन माँगता है? पहले घर समझो, कोठी समझो, फिर माँगो!''

माधुरी म्हणाली, ''पण सेठजी, किल्लीशिवाय कोठी समजायची कशी?''

''आँख से समझो! कान से समझो!''

झालं! सासूच्या बाजूनं सेठजी आणि सुनेच्या बाजूनं अख्खा वर्ग. सेठजी बाकावरून उठले, फळ्यापर्यंत आले, परत गेले, परत आले. त्यांनी सासूचं माहेर कसं असेल तेही सांगितलं, जे नाटकात कुठंच नाही. मी खुर्चीत बसून शेंगा खाल्ल्या. बेल वाजली तसे ते दचकले. घड्याळात बघितलं, कपाळाला आठी घातली आणि मला म्हणाले, ''देखा? इसी को बोलता हूँ मैं. पूरा घंटा टाइम खोटी!''

दारातून परत वळून म्हणाले, ''और चाबी नहीं दी, ठीक किया.''

*

आणि शेवटी ती मार्चची कमिटी.

टेबलाभोवती सेठजी, बिसेन सर, टेंभरे सर, ट्रस्टचे आणखी दोघं जण आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. सेठजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, ''मैं मन बना के आया हूँ. पेपर बंद. बच्चों को कुछ बोलना है तो एक जन बोल ले.''

मुलांनी पाठवली होती माधुरी उईकेला. बिसेन सरांनी तिला बाहेर बजावलं होतं, ''बेटा, जोरात बोल. पेपर टिकला पाहिजे.'' मी काहीच बजावलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की ती दोन-तीन दुपारी सेठजींच्या मिलमध्ये जाऊन बसली होती. सेठजी मला पोर्चमध्ये भेटले तेव्हा म्हणाले होते, ''आपकी लड़की आई थी. अजीब है. चाय पी, इतनी बातें कीं, चावल का भाव एक बार नहीं पूछा.''

माधुरी उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे बांधले, मान थोडी तिरकी केली, आणि बोलली, ''देखो भाई. सीधी बात करता हूँ.''

टेंभरे सरांच्या हातातलं पेन थांबलं. हुबेहूब सेठजी!

''दो साल का कोर्स है,'' माधुरी म्हणाली. ''नागपुर-पुणे का बच्चा अंग्रेज़ी घर से लेकर आता है. हमारा बच्चा सालेकसा से आता है, देवरी से आता है. उसको सब यहीं सीखना है. गाना उसके घर में है, कहानी उसके घर में है. जो उसके पास पहले से है, वही मैं उसको फिर से क्यों दूँ? जो नहीं है वो दूँ. कंप्यूटर दूँ. पहले नौकरी लगे, पेट भरे, फिर जितना गाना है गाए!''

बिसेन सरांचा चेहरा पांढरा पडला. ट्रस्टचे दोघं एकमेकांकडे बघून ''बराबर है, बराबर है'' म्हणायला लागले. अरे देवा, मी मनात म्हटलं, ही पोरगी माझा पेपर बुडवून राहिली! आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती खरं बोलत होती. असं कधी कुणी माझ्याविरुद्ध बोललं नव्हतं.

''और मेरी बात सुनो,'' माधुरीचा आवाज खाली आला. ''मुझे भी पढ़ना था. किताब अच्छी लगती थी. पिताजी ने बस्ता उतरवाया और मिल में बिठा दिया. मुझे किसी ने कविता नहीं पढ़ाई, नाटक नहीं दिखाया. पूछो अब, मिल चली कि नहीं चली?''



सेठजींची मान हलली. एकदा. मग हळूच परत एकदा.

माधुरीनं हात सोडले, मान सरळ केली. ती परत माधुरी झाली. ''झालं, सेठजी,'' ती म्हणाली. ''अब आपकी बारी.''

''मेरी?''

''आमच्या पेपरात असाच नियम हाय. मी तुमचा पार्ट बोलली, तुमची मान हालली. आता तुमाले आमचा बोला लागते.''

ट्रस्टचा एक जण खुर्चीतून अर्धा उठला, ''ए लड़की!'' सेठजींनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. तो बसला.

सेठजी माझ्याकडे बघत राहिले. मी कमरेचा पदर नीट खोचला.

मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली. उठले. गळ्यातला दुपट्टा काढला, खांद्यावरून पुढे घेतला आणि कमरेला खोचला. डावा हात कमरेवर गेला. उजव्या हाताचं बोट पंख्याकडे.

''शाळेत चौथी,'' सेठजी म्हणाले. मराठीत. ''पुढचं माझं मी शिकले.''